"इंट्रानेटवर टाकलंय, बघून घ्या"

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात नोकरी, ऑफिस, वर्क फ्रॉम होम यावर बरंच काही येत असतं, पण रोज कामाच्या जागी लाखो लोक जी गोष्ट उघडतात आणि वैतागून बंद करतात त्यावर मी कधी काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र. मी कंपनीच्या इंट्रानेटबद्दल बोलतेय. म्हणजे फक्त आतल्या लोकांसाठी असलेली वेबसाइट, जिथे रजेचे नियम, पगाराची स्लिप, प्रवासाच्या बिलाचा फॉर्म, कोणाचा एक्स्टेन्शन नंबर काय, हे सगळं मिळायला पाहिजे. मिळायला पाहिजे असं म्हणतेय कारण बहुतेक ठिकाणी ते मिळत नाही, आणि असं का होतं हे मी अगदी जवळून बघितलंय. मी एचआरमध्ये आहे आणि गेली सहा वर्षं आमच्या इंट्रानेटवरचा मजकूर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे.

"इंट्रानेटवर टाकलंय, बघून घ्या" हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले असेन त्याला गणती नाही. कोणी फोन केला की हेच उत्तर, आणि आपलं काम झालं असं वाटायचं. मग एक दिवस एका मुलाचं प्रकरण झालं. नोकरीला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं, बायकोला डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधीच अ‍ॅडमिट करावं लागलं, आणि हा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभा राहून मोबाइलवर शोधतोय की बाळ झाल्यावर वडिलांना किती दिवस सुट्टी मिळते. सर्चमध्ये त्याला तीन फाइली आल्या. एक "रजा धोरण अंतिम", दुसरी "रजा धोरण अंतिम सुधारित" आणि तिसरी नुसतीच "रजा धोरण नवीन". एकीत पाच दिवस लिहिलेले, एकीत दहा, आणि तिसरी म्हणजे स्कॅन केलेला कागद, तोही आडवा, मोबाइलवर वाचताच येईना. एकीवरही तारीख नाही. रात्री कोणाला फोन करायचा म्हणून त्याने आपलं सेफ राहावं असा विचार केला आणि पाचच दिवस धरले, सहाव्या दिवशी कामावर हजर. खरा नियम दहा दिवसांचा होता. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही चहाच्या वेळी सहज बोलता बोलता. राहिलेले दिवस आम्ही त्याला नंतर दिले पण काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या बाळाजवळ जे दिवस घालवायचे होते ते गेले ते गेलेच. त्या तीन फाइलींपैकी दोन मी अपलोड केलेल्या होत्या.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलेय.

पहिली गोष्ट जी मला कळली ती ही की हा प्रश्न काही नवीन नाही, उलट आज आपण जे वेब वापरतो ते याच प्रश्नातून जन्माला आलंय. टिम बर्नर्स-ली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करायचे, तिथे हजारो माणसं, कोणी दोन वर्षांसाठी येतो कोणी जातो, आणि गेलेल्या माणसाबरोबर त्याच्याकडची माहितीही जाते. ही माहिती हरवू नये म्हणून त्यांनी मार्च 1989 मध्ये एक प्रस्ताव लिहिला, त्यातून वेब आलं. आणि तिथल्या लोकांना सुरुवातीला वेब कशासाठी हवंसं वाटलं तर संस्थेची टेलिफोन डिरेक्टरी बघायला! आधी त्यासाठी मेनफ्रेमवर, म्हणजे संस्थेच्या मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर, लॉगिन करावं लागायचं, वेबवर ती पटकन दिसायला लागली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण माणसाला रोज लागणारी एक साधी गोष्ट त्यांनी आधी सोपी करून दिली आणि लोक आपोआप आले. आपल्याकडे उलटं चालतं, आधी मोठं पोर्टल, उद्घाटन, नाव ठेवायची स्पर्धा, आणि फोन नंबर मात्र तीन वर्षांपूर्वीचा.

सर्चबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडतात. सगळे म्हणतात गुगलवर लगेच सापडतं मग आपल्याकडे का नाही. गुगलला एक मोठी मदत असते, जगभरातल्या वेबसाइट एकमेकींना लिंक देतात आणि कुठल्या पानाला जास्त आणि चांगल्या लिंक आहेत त्यावरून कुठलं पान कामाचं ते समजायला त्याला मदत होते. कंपनीच्या आत अशा लिंक कोण देतो? आपण पीडीएफ टाकतो आणि मोकळे होतो, एक फाइल दुसरीला ओळखत नाही, त्यामुळे जुनी आणि नवी दोन्ही सर्चला सारख्याच. त्यात स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे सर्चच्या दृष्टीने नुसता फोटो, त्यातली अक्षरं ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, काढली नाहीत तर त्याला एक शब्दही वाचता येत नाही. आम्ही मोजल्या तेव्हा सहीशिक्क्याची जवळजवळ सगळी परिपत्रकं अशीच निघाली.

आणि शब्द! मी आयटीच्या लोकांकडून सर्च लॉग मागून घेतला, म्हणजे लोक त्या चौकोनात नेमकं काय टाइप करतात त्याची यादी, आणि ज्याला शून्य रिझल्ट आले ते शब्द वेगळे काढले. ती यादी वाचताना मला अक्षरशः कसंतरी झालं. लोक टाइप करतायत "सॅलरी स्लिप", "पगार स्लिप", "पे स्लिप", आणि आमच्या पानाचं नाव काय तर "मासिक वेतन विवरणपत्र". लोक विचारतायत "लॅपटॉप खराब", आणि आमच्याकडे "मालमत्ता दुरुस्ती विनंती प्रपत्र". एकाने तर "आई वारली सुट्टी" असं टाकलं होतं. शून्य रिझल्ट. तो शोध कोणी केला ते लॉगमध्ये नसतं आणि नसावंच, पण त्या माणसाला त्या दिवशी आपल्या कंपनीने कोरी स्क्रीन दाखवली हे माझ्या मनातून काही जात नाही. दुरुस्तीला लागला किती वेळ, तर एक दुपार. लोकांचे शब्द पानांच्या शीर्षकात घातले, बाकीचे समानार्थी शब्द म्हणून सर्चला जोडले. आता दर सोमवारी सकाळी मी वीस मिनिटं ती शून्यवाली यादी बघते, आणि खरं सांगते, या वीस मिनिटांनी जेवढा फरक पडला तेवढा आधीच्या नव्या डिझाइननेही पडला नव्हता.

मेनूचंही तेच. आमचा मेनू कंपनीच्या खात्यांप्रमाणे होता, फायनान्स, अ‍ॅडमिन, एचआर, पर्चेस. आता नवीन माणसाला काय माहीत की ओळखपत्र हरवलं तर ते अ‍ॅडमिनचं काम की सिक्युरिटीचं की आमचं? याकोब नील्सन म्हणून युझेबिलिटीवर, म्हणजे वेबसाइट वापरायला किती सोपी आहे यावर, काम करणारे एक तज्ज्ञ आहेत, त्यांनी 2000 साली लिहिलं होतं की पाच जणांना वापरायला देऊन बघितलं तरी बऱ्याचशा अडचणी कळतात. मी म्हटलं पाचच ना, करून बघू. वेगवेगळ्या खात्यातले पाच जण बोलावले, प्रत्येकाला एक एक काम दिलं आणि मागे गप्प बसले. गप्प बसणं फार अवघड असतं हो. स्टोअरमधले एक काका होते, तीस वर्षं नोकरी, त्यांना चष्म्याच्या बिलाचा क्लेम फॉर्म शोधायला सांगितला. ते माउस धरून आधी "कर्मचारी कल्याण" वर गेले, तिथे खेळाच्या स्पर्धांचे फोटो, परत आले, मग "फॉर्म्स" वर गेले, तिथे 140 फॉर्म अनुक्रमांकाने लावलेले, खाली खाली जात राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, माझंच काहीतरी चुकत असेल." त्यांचं काही चुकत नव्हतं. फॉर्म "विमा व दायित्व" मध्ये होता, तिथे मीही गेले नसते.

त्यानंतर आम्ही मेनू कामाप्रमाणे लावला, सुट्टी पाहिजे, पैसे परत मिळवायचेत, काहीतरी बिघडलंय, कोणाशी तरी बोलायचंय, असा. खात्यांच्या प्रमुखांना आवडलं नाही, आमचं खातं होमपेजवर दिसत नाही म्हणून दोन मीटिंग झाल्या. होमपेजवरची फिरती फोटोपट्टी आणि साहेबांचा संदेश खाली नेला त्यावरही चर्चा झाली. मला साहेबांचा अनादर करायचा नव्हता, पण सकाळी साडेआठला ज्याला शिफ्ट बदलायचीय त्याला आधी शिफ्टचं बटण दिसलं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे पान कोणाचं? आमच्याकडे अडीच हजारांच्या वर पानं आणि फाइली होत्या आणि विचारत गेले तर निम्म्यांचा वाली कोणी नाही, ज्याने टाकलं तो नोकरी सोडून गेला, खातं बदललं, रिटायर झाला. सॉफ्टवेअर बदलून हे सुटत नाही, नव्या घरात जुनं सगळं सामान उचलून नेल्यासारखं होतं. आम्ही आता नियम केलाय की प्रत्येक पानाच्या वरतीच एका माणसाचं नाव असणार, खात्याचं नाही, माणसाचं, आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख. सहा महिने झाले की त्याला मेल जातो, पान बघा आणि बरोबर असेल तर तसं कळवा. दोन मेलना उत्तर नाही आलं तर पान सर्चमधून बाहेर. पहिल्या वेळी ओरड झाली, पण चुकीचं पान दिसण्यापेक्षा न दिसलेलं बरं, निदान माणूस फोन तरी करेल. आणि रजेचं पान आता एकच आहे, जुन्या तिन्ही फाइली काढून टाकल्या, सही केलेला मूळ कागद कोणाला लागलाच तर त्या पानाच्या तळाशी लिंक आहे.

मॅनेजमेंटला आकडे लागतात हे मला मान्य आहे, पण कुठले आकडे ते बघा. आमच्या रिपोर्टमध्ये दर महिन्याला होमपेजचे हजारो व्ह्यू दिसायचे आणि सगळे खूश. पण कंपनीच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला की आपोआप इंट्रानेटचं होमपेज येतं, म्हणजे माणूस ईमेल बघायला बसला तरी एक व्ह्यू! त्यावरून काही कळत नाही. आता आम्ही हेल्पडेस्कला कुठल्या विषयावर किती फोन आले ते बघतो, आणि तीन महिन्यांनी परत पाच जण बसवतो, तेच काम देतो, किती जणांना सापडलं आणि किती वेळात.

जे मशीनवर उभे असतात, ड्रायव्हर असतात, ज्यांना कंपनीचा ईमेलच नाही, त्यांचं काय हा प्रश्न आम्ही अजून अर्धाच सोडवलाय. आठ जणांत एक कॉम्प्युटर, पासवर्ड एक्स्पायर झालेला, मागे दुसरा वाट बघतोय, तो कशाला तिथे नियम वाचेल? मग सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं. मी त्यांना दोष देणार नाही, तिथे उत्तर मिळतं म्हणून लोक तिथे जातात. पण त्या ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेले लोकही तसेच असतात, जुनी परिपत्रकं परत परत फॉरवर्ड होत राहतात, आणि जो ग्रुपमध्ये नाही त्याला काहीच कळत नाही. मोबाइलवर नीट उघडणारी, लॉगिनचा त्रास कमीत कमी असलेली दहा पानं जरी या लोकांना दिली तरी खूप आहे.

आणखी एक, हल्ली सगळीकडे एआय चॅटबॉट बसवायची घाई चाललीय, आमच्याकडेही प्रस्ताव आलाय, की कर्मचाऱ्याने प्रश्न विचारायचा आणि बॉट इंट्रानेटमधून उत्तर देणार. मला याची भीती वाटते असं नाही, चांगलंच आहे, पण तो बॉट वाचणार काय, त्याच फाइली ना? पाच दिवसवाली आणि दहा दिवसवाली दोन्ही तिथे असतील तर तो त्यातली कुठलीतरी उचलेल आणि इतक्या छान, आत्मविश्वासाच्या भाषेत सांगेल की माणूस दुसरीकडे बघणारही नाही. आधी साफसफाई करा, मग बॉट आणा, एवढंच मी मीटिंगमध्ये सांगितलं आणि इथेही सांगतेय.

एक गोष्ट मात्र मला अजून जमलेली नाही आणि त्यासाठीच मुद्दाम पेपरात लिहितेय. माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याची पानं दुसऱ्याच्या नावावर करायची हे आम्ही लॅपटॉप आणि चाव्या परत घेण्याच्या यादीत घातलंय, ते चालतंय. पण अख्खं खातंच बंद होतं किंवा दुसऱ्यात विलीन होतं तेव्हा त्यांची शे-दोनशे पानं घ्यायला कोणीच पुढे येत नाही, नवीन प्रमुख म्हणतो हे आमचं नाही, आणि सगळी सरसकट काढावीत तर त्यातच एखादं असं असतं की ज्याच्यावर कोणाचं तरी काम अडतं. तुमच्या वाचकांमध्ये माझ्यासारखं काम करणारे नक्की असतील, त्यांनी हे कसं सोडवलं ते तुमच्याच या पानावर लिहावं, मी वाट बघेन.

आपली,
एचआर विभागात काम करणारी एक वाचक