पहिल्या टीटीत ॲव्हरेज मोजलं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोटारसायकल शर्यतींवरचा लेख वाचला. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या टूरिस्ट ट्रॉफीबद्दल, म्हणजे टीटीबद्दल, त्यात एवढंच होतं की ही शर्यत जन्मापासून वेगाने झपाटलेल्या, जिवावर उदार झालेल्या माणसांची. शर्यतीच्या त्या रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त स्वारांचा जीव गेला आहे, तेव्हा लेखकाला तसं वाटलं यात त्यांची चूक म्हणवत नाही. पण शर्यतीचा जन्म तसा नाही. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं आहे, त्यामुळे ते वाक्य मनाला लागलं.

आपल्याकडे दारात नवी गाडी उभी राहिली की शेजारी पहिलं काय विचारतात? ॲव्हरेज किती देते? १९०७ च्या पहिल्या टीटीचा नियमच हा होता. एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल द्यायचे, दोन सिलिंडरच्या गाडीने ७५. आपल्या हिशेबात लिटरला साधारण ३२ आणि साडेसव्वीस किलोमीटर. पेट्रोल मोजून मिळायचं आणि तेवढ्यातच शर्यत पुरी करायची. शिवाय गाडीला धड सीट, मडगार्ड, सायलेन्सर हे सगळं हवं, म्हणजे माणूस रोज जी गाडी घेऊन घराबाहेर पडेल तशीच गाडी हवी. नावातला ‘टूरिस्ट’ शब्द तिथून आला आहे.

ही शर्यत बेटावर का गेली, तेही लेखात यायला हवं होतं. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करायला तिथली संसद तयार नव्हती. आइल ऑफ मॅनची संसद वेगळी, तिचं नाव टिनवॉल्ड. तिने १९०४ साली कायदा करून रस्ते बंद करायला परवानगी दिली. आधी मोटारी धावल्या, मग दुचाकींची पाळी आली. २८ मे १९०७ ला सेंट जॉन्स गावात जिथून गाड्या सुटल्या, तिथेच टिनवॉल्डची टेकडी आहे. दर जुलैत त्या टेकडीवरून नवे कायदे लोकांसमोर जाहीर होतात. कायद्याने रस्ता मोकळा केला आणि मग गाडी पळाली, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडची पोरं टीटीचे व्हिडिओ बघून रविवारी सकाळी घाटात गाड्या पळवतात, समोरून एसटी येत असते. त्यांना हा क्रम कुणी सांगितलेलाच नाही.

गाड्या २५ होत्या. जवळपास १६ मैलांच्या दहा फेऱ्या, एकूण १५८ मैल. पुण्याहून कोल्हापूर गाठून आणखी थोडं पुढे जाण्याएवढं अंतर. मध्ये दहा मिनिटं सक्तीची विश्रांती. डांबर नव्हतंच. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर आम्लाचं पाणी शिंपडलं होतं, त्याने स्वारांच्या कपड्यांना उंदरांनी कुरतडल्यासारखी भोकं पडली. बहुतेक गाड्यांना गिअर नव्हते. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक पट्टा, बस्स. चढावर गाडी ओढेना झाली की पायडल मारायचं. एका सिलिंडरच्या गटात मॅचलेस कंपनीच्या गाडीवर चार्ली कॉलियर जिंकला, ४ तास ८ मिनिटं ८ सेकंदांत. सरासरी ताशी ६१ किलोमीटर. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर ट्रायम्फ होत्या. कॉलियरने पायडल मारून पेट्रोल वाचवलं, अशी ट्रायम्फवाल्यांनी तक्रार केली. पुढच्या वर्षी पायडलवर बंदी आली आणि ट्रायम्फवर जॅक मार्शल जिंकला.

पण मला जवळचा वाटतो तो रेम फाउलर. प्यूजो या फ्रेंच कंपनीचं इंजिन बसवलेल्या नॉर्टनवर तो दोन सिलिंडरच्या गटात धावला. प्लग वाटेत पुन्हा पुन्हा बदलावे लागले. पट्ट्याने दगा दिला. भरधाव जाताना पुढचा टायर फुटला, तरी तो बचावला. तो सोडून द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात रस्त्याकडेच्या एकाने सांगितलं की तू अर्ध्या तासाने पुढे आहेस. तो उठला आणि जिंकला.

लेखकांनी कधी तापल्या इंजिनातला प्लग काढला आहे का, मला माहीत नाही. तरुणपणी खेडच्या घाटात माझी राजदूत मिसिंग करायला लागली. प्लगला काजळी धरली होती. फडकं गुंडाळून पाना लावला तरी बोटांना चटका बसलाच. प्लग बाहेर आला तो काळा, ओलसर, पेट्रोलचा वास मारणारा. पत्र्याच्या तुकड्याने खरवडून, फुंकर मारून परत बसवला. निवांत थांबलेल्या माणसाला यात दहा मिनिटं जातात. फाउलरने हे पुन्हा पुन्हा केलं, घड्याळ चालू असताना. त्याला नुसता वेगवेडा म्हणणं मला पटत नाही. तो हाताने गाडी जिवंत ठेवणारा माणूस होता.

१९११ मध्ये शर्यत स्नेफेल डोंगरावरच्या साडेसदतीस मैलांच्या वाटेवर गेली. तिथे मेंढ्यांसाठी फाटकं होती, सकाळच्या सरावाला जो पहिला निघेल त्याने ती उघडत जायचं. चेन आणि दोन गिअर असलेल्या अमेरिकन ‘इंडियन’ गाड्यांनी मुख्य शर्यतीत पहिले तिन्ही नंबर नेले. त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज गेला, टीटीचा पहिला बळी. १९१४ ला हेल्मेट सक्तीचं झालं. लेखक म्हणतात तो काळ इथून पुढचा आहे, आणि त्याबद्दल माझं त्यांच्याशी भांडण नाही.

हे सगळं आपल्यापासून लांबचं आहे असंही नाही. फाउलरच्या गाडीची नॉर्टन कंपनी २०२० पासून चेन्नईच्या टीव्हीएसकडे आहे. मार्शलच्या ट्रायम्फचं नाव लावलेल्या ४०० सीसीच्या गाड्या आमच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. त्या गाड्या विकत घेणारी मुलंही मला पहिला प्रश्न ॲव्हरेजचाच विचारतात.

टीटीवर पुन्हा लिहाल तेव्हा १९०७ चा पेट्रोलचा नियम आणि फाउलरचे प्लग यांना चार ओळी जरूर द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक जुना गॅरेजवाला, चाकण