ऊसतोड मजुराचा मालक कोण? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक. ऊसतोड मजुरांबद्दल लिहायचं असेल तर सामाजिक न्याय खात्याला लिहा, असं गावातल्या एका जाणकाराने सुचवलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ त्या खात्याकडे आहे, मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहंही त्यांचीच. दोन्ही हवीतच. पण मी मुद्दाम तुम्हालाच लिहितोय. पाच-सहा महिने घरदार सोडून कोयता चालवणाऱ्या माणसाला सरकार कल्याण द्यायला तयार आहे, कामगार म्हणायला मात्र तयार नाही, अशी माझी तक्रार आहे.

दिवाळीच्या आगेमागे शिरूर कासार, पाटोदा, धारूर, पाथर्डी या भागातल्या मजुरांच्या टोळ्या आमच्याकडे उतरतात. त्यानंतर कारभार कसा चालतो बघा. कोणत्या फडात, म्हणजे तोडीला आलेल्या उसाच्या शेतात, कोणती टोळी जायची हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. तोडीची चिट फाडतो तो कारखान्याचा चिटबॉय. ऊस मोजणारा काटा कारखान्याचा. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना माझ्या ऊसबिलातून कापून घेतो, तो आकडा बिलावर छापून येतो. एवढं सगळं कारखान्याच्या हातात असून मजूर कुणाचा म्हटलं की कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडे. कागदोपत्री करार असतो तो तोडणी-वाहतुकीचा. ज्यांच्या हातांनी तोडणी होते त्यांची नावं त्यात शोधून सापडत नाहीत.

नावाचं सोडा, मोजणीतही माणूस दिसत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. बाई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापते, दिवस उगवायच्या आत फडात असते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते आणि संध्याकाळी कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, येऊन पुन्हा चूल पेटवते. हिशेबात ती नवऱ्याच्या कोयत्यात जमा. पैसे त्याच्या नावावर, आणि बरेचदा त्याच्याही नावावर नाहीत, मुकादमाच्या वहीत.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलात तोडणीच्या मजुरीचा करार झाला. तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ चा ३६६ रुपये झाला. मोठी वाढ म्हणून गाजली. आता साधा हिशेब करा. चांगला ऊस असेल तर एक जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. माणशी ३६६, आणि तेही बारा-चौदा तासांचे. शिवाय रात्रीचा वेळ यात धरलेलाच नाही. गाडी रात्री एकला आली तर टोळी रात्री एकला उठते. माझ्याच फडात हे दर हंगामात होतं. ट्रॅक्टरचे दिवे उसावर टाकलेले, पाचटावर गोधडीत दोन पोरं झोपलेली, आणि त्यांची आई दर खेपेला त्यांच्यावरून नजर फिरवून मोळी उचलायला जाते. कधीकधी मागे घेताना ट्रॉली कुठवर येते याचाही तिला अंदाज ठेवावा लागतो. ओव्हरटाइम हा शब्द तिथे उच्चारला तर लोक हसतील.

वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून जे सुटतं त्यावर रोजचं तेल-मीठ चालतं, कारण मजुरी आधीच उचल म्हणून घेतलेली असते. पेरणी, आजारपण, लेकीचं लग्न यात ती गेलेली असते आणि आता फक्त फेडायची असते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. त्या दिवसाचं काम तर जातंच, वर ५०० रुपये किंवा जास्त उचलीत चढतात. ताप आला तरी खाडा, पाळी आली तरी खाडा. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. अंगावरच्या पैशापोटी माणूस काम सोडून जाऊ शकत नसेल तर त्याला काय म्हणायचं, ते आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांनी त्या कायद्यात वाचून सांगावं.

२०१९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. बातम्या झाल्या, खासगी दवाखान्यांवर ताशेरे ओढले गेले, हंगामाआधी आणि नंतर तपासणीचं ठरलं. पण पिशवी काढायची पाळी येते ती जड मोळ्या, शौचालय नसलेला तळ आणि खाड्याची भीती यातून. दवाखान्यांवर नजर ठेवायला आरोग्य खातं आहे. खाडा बंद करणं तुमच्या खात्याचं काम आहे, आणि त्याला एक परिपत्रकही निघालेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर एकांगी वाटेल. टोळ्या खुशाली म्हणून वरचे पैसे मागतात, ड्रायव्हर दर खेपेला एन्ट्रीचे पैसे मागतो, नाही दिली तर फड अर्धवट टाकून जातात. मुकादम लाखो रुपये उचलून पसार होतात आणि वाहतूकदार कर्जात बुडतो, अशी उदाहरणं आमच्या पंचक्रोशीत आहेत. खरी आहेत. पण यातली बहुतेक लबाडी चालते कारण सगळा व्यवहार तोंडी आणि रोखीत आहे. टोळीच्या प्रत्येक माणसाची कारखान्याकडे नोंद असेल आणि उचल बँकेतून गेली असेल, तर पळून जाणारा मुकादम पहिल्या दिवशीच सापडेल. म्हणजे ही नोंद वाहतूकदारालाही हवी आहे.

आणि ती अवघड नाही. माझा ऊस काट्यावर गेला की माझ्या मोबाईलवर वजनाचा मेसेज येतो. तोच मेसेज तोडणाऱ्या जोडीला, दोघांच्याही नंबरवर पाठवायला कारखान्याला काय खर्च येतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० माणसांपासून पुढे लागू होतात. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी त्यात बसत नाही. म्हणून माणसं टोळीवार न मोजता कारखान्यावार मोजली पाहिजेत, हे तुमच्या खात्याने स्पष्ट लिहून द्यावं. एकेका कारखान्याकडे हजारो मजूर असतात, तिथे पळवाट उरत नाही. बेळगाव भागातल्या कारखान्यांवर जाणाऱ्या टोळ्यांची दैना वेगळीच. तिथे पगार अडला, अपघात झाला, तर बीडचा अधिकारी म्हणतो हद्द आमची नाही आणि तिकडचा म्हणतो माणूस आमचा नाही. १९७९ पासून आंतरराज्य स्थलांतरितांचा कायदा होता, आता त्या तरतुदी संहितेत आल्या आहेत. त्यासाठी कर्नाटकच्या कामगार खात्याशी बोलणं तुमच्याच पातळीवर होऊ शकतं.

दरवर्षी गाळप सुरू करायची तारीख मंत्री समिती ठरवते आणि साखर आयुक्त कारखान्यांना गाळप परवाना देतात. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, थकवली तर हा परवाना अडवता येतो, म्हणून आमचे पैसे निदान काही प्रमाणात वेळेवर निघतात. त्याच परवान्यात मजुरांच्या अटी घाला: नवरा आणि बायको दोघांची स्वतंत्र नोंद, दोघांच्या वेगळ्या खात्यावर पैसे, उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हातात, खाड्याचा दंड बंद, तळावर पाणी आणि शौचालय. ऊसतोडणी यंत्रांना अनुदान द्यायला सरकारकडे पैसे निघाले, इथे तर बहुतेक अटींना सरकारचा एक पैसाही लागत नाही.

येत्या हंगामाची बैठक होईल तेव्हा हा विषय कामगार खात्याने मांडावा. कारखानदार दर वाढेल म्हणून कुरकुर करतील. तो दर शेवटी माझ्या बिलातून जाणार आहे, आणि मला तो मान्य आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी
ता. वाळवा, जि. सांगली