आजीला वाचता येईल असं मेनू कार्ड हवं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या घरी पेपर सकाळी साडेसहाला पडतो आणि सगळ्यात आधी आईच्या हातात जातो. तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात ती सातवीपर्यंत शिकली. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, बाजारभावापासून वाचकांच्या पत्रांपर्यंत सगळं वाचते. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तर चष्मा लावून सुईत दोराही ओवते. हे आधी सांगतो, कारण ज्या प्रसंगावरून हे पत्र लिहितोय त्यात हीच बाई जेवणाच्या टेबलाशी निरक्षरासारखी बसून होती.

गेल्या डिसेंबरात तिला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणाली, "पाण्यातला किल्ला दावा मला." आम्हा भावंडांचा आणि पुढे नातवंडांचा चौथीचा इतिहास तिनेच घेतला होता, त्यामुळे सिंधुदुर्ग तिला तोंडपाठ, पण पाहिलेला नव्हता. आम्ही आठजण निघालो. आई, मी, बायको, दोन मुलं, बहीण, मेहुणे आणि भाची. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो आणि रात्री मालवणला पोचलो. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी जेटीवरून होडीने किल्ल्यात गेलो. महाराजांच्या हाताचा ठसा तिने पदर सावरून डोळे भरून पाहिला. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी, याचं तिला फार अप्रूप वाटलं. दूधबावीच्या काठावरून तिला हलवायला वेळ लागला.

रात्रीचं जेवण आम्ही उतरलो होतो त्याच हॉटेलात ठरलं होतं. बहिणीने एकच अट घातली होती : आज जेवण आईने मागवायचं. या अटीला कारण आहे. लग्न होऊन आल्यापासून आई रोज कुणाला ना कुणाला "काय करू आज?" असं विचारत आली. वडील असताना कधी बाहेर जेवायला गेलो तर ते मागवत, पुढे मी मागवू लागलो. तिचं उत्तर ठरलेलं, "तुमी मागवाल ते. मला काय बी चालतंय." मग जे येईल ते ती जेवायची आणि छान आहे म्हणायची. तिला खरंच काय आवडलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

टेबलावर मेनू कार्ड नव्हतं. काचेच्या छोट्या स्टँडमध्ये क्यूआर कोड होता. कार्ड मागितलं तर "आम्ही कार्ड ठेवत नाही, स्कॅन करा" असं उत्तर आलं. आईकडे बटणांचा फोन. मी माझ्या फोनवर स्कॅन केलं, नेटवर्क कमी असल्यामुळे बऱ्याच वेळाने मेनू उघडला. चौदा पानं, सगळी इंग्रजीत, काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी बारीक अक्षरं. एक ओळ मोठी करून पाहावी तर तिची किंमत पडद्याबाहेर जाते. फोन आईच्या हातात देऊन उपयोग नव्हता. भाचीने वाचून दाखवायला सुरुवात केली. सूप, स्टार्टर, तंदूर, चायनीज. तिसऱ्या पानापर्यंत आईने ऐकलं. मग चष्मा काढून घडी केला, डबीत ठेवला आणि म्हणाली, "तुमी मागवा की. मला काय बी चालतंय."

बहिणीचा चेहरा पडला. आई पुढे हळूच म्हणाली, "काय काय मिळतंय ते एकदा वाचाय मिळालं असतं, तर बरं झालं असतं."

ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाने हे ऐकलं. कुडाळकडचा, विशीतला मुलगा. तो म्हणाला, "आज्ये, थांबा जरा, मी लिवन देतंय." ऑर्डर लिहायचं पॅड त्याने उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला उभ्या उभ्या मराठीत एकेक पदार्थ लिहीत गेला, प्रत्येकापुढे किंमत. अक्षर मोठं आणि सुटं. वीसेक नावं झाली. घावणे. बांगडा फ्राय. सुरमई. तिसऱ्या. कोंबडी-वडे. काळ्या वाटाण्याचं सांबारं. सोलकढी. शिरवाळे.

आईने डबी उघडून चष्मा पुन्हा लावला. ओळीखाली बोट धरून तिने तो कागद वाचला, पेपर वाचते तसा, सावकाश. पुढची दहा मिनिटं आमच्या टेबलावर फक्त ती आणि तो मुलगा बोलत होते. शिरवाळे म्हणजे काय, हे तिने विचारलं. तांदळाच्या पिठाचे उंडे पाण्यात शिजवून गरम असतानाच साच्यातून दाबायचे, आणि त्या ताज्या शेवया गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या, असं त्याने सांगितलं. आमच्याकडच्या शेवया गव्हाच्या, उन्हाळ्यात बाजेवर वाळवलेल्या. ओल्या शेवया लगेच खायच्या, ही गोष्ट तिला नवीन होती. मग तिने सगळ्यांचं जेवण मागवलं. धाकट्याला तिखट सोसत नाही, मेहुण्यांना मासा काट्याशिवाय लागतो, हे सगळं तिच्या ध्यानात होतंच. स्वतःसाठी तिने घावणे, बांगडा आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं सांगितलं. सुरमई वाचून तिचं बोट आधी थांबलं होतं. पुढचा ६५०चा आकडा पाहिला आणि बोट बांगड्यावर गेलं. तिला सुरमई खाऊ घालायची माझी इच्छा होती, तसं म्हणालोही. ती म्हणाली, "मी वाचलंय की. मला बांगडाच पाहिजे." मग मी बोललो नाही. निवड तिची होती.

नंतर मी फोनवरचा तोच मेनू पुन्हा उघडून पाहिला. शिरवाळे त्यात होते, अकराव्या पानावर. 'स्वीट राइस नूडल्स इन कोकोनट मिल्क' असं लिहिलं होतं. सांबारं 'ब्लॅक पी करी' या नावाने होतं, आणि सोलकढीचं नावही असंच काहीतरी बदललेलं होतं. ही पानं मी भराभर पुढे सरकवली होती, कारण त्यात ओळखीचं काही दिसलं नाही. इंग्रजी वाचता येणाऱ्या आम्हा सात जणांनाही त्या रात्री कोकणातलं जेवण आईमुळे मिळालं. नाहीतर आम्ही पनीर आणि फ्राइड राइस मागवून उठलो असतो.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आम्हाला जपलं. आधार कार्डावरची तारीख पाहून त्यांनी आपणहून छोटा केक पाठवला. बायकोने सांगलीहून आणलेलं निरांजन लावून टेबलाशीच औक्षण केलं, तेव्हा शेजारच्या टेबलांवरची माणसंही उभी राहिली. आई शिरवाळे दोनदा मागून जेवली. तक्रार त्या एका हॉटेलाची नाहीच. कार्ड नसणं आणि मराठी नसणं हे मी महाबळेश्वरला पाहिलंय, गणपतीपुळ्याला पाहिलंय, आणि आमच्या सांगलीतही पाहतो.

२०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीनंतर ५ ऑक्टोबरपासून राज्यातली रेस्टॉरंटं निम्म्या क्षमतेने उघडली, तेव्हा एकच कार्ड हातोहात फिरू नये म्हणून क्यूआर कोड आले. त्या वेळी ते बरोबरच होतं. साथ गेली, पण कार्डं परत आली नाहीत. पदार्थांचे भाव बदलायला क्यूआर सोयीचा आहे, छपाईचा खर्च वाचतो, हे मला कळतं. त्याची सोय काढून घ्या असं मी म्हणत नाही. इंग्रजीही राहू दे. मालवणला गोव्याकडून, कर्नाटकातून, परदेशातून माणसं येतात, त्यांनाही वाचता आलंच पाहिजे. पण सिंधुदुर्ग हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, आणि तिथे एसटीने, ट्रॅव्हल्सने, भाड्याच्या गाडीने येणाऱ्यांत माझ्या आईसारखी माणसं किती असतात, हे जेटीवर तासभर उभं राहिलं तरी दिसतं. नऊवारीतल्या, टोपीतल्या, धोतरातल्या माणसांनी होड्या भरलेल्या असतात. ती माणसं संध्याकाळी कुठेतरी जेवतातच.

दुकानांच्या आणि हॉटेलांच्या पाट्या देवनागरीत मराठीत असाव्यात आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत, असा कायदा आपल्याकडे आहे. २०२२ मध्ये तो दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू केला. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना अशा पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. चांगलं झालं. आम्ही उतरलो त्या हॉटेलाचीही पाटी ठळक मराठीत होती आणि आईने ती गाडीतूनच मोठ्याने वाचली होती. पण पाटी रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असते. आत येऊन बसलेल्या माणसाला काय मिळतं आणि केवढ्याला मिळतं, हे त्याला स्वतः वाचता येणं मला पाटीपेक्षा जास्त गरजेचं वाटतं. त्यासाठी आधी कायदा व्हावा, दंड व्हावा असं माझं म्हणणं नाही. हॉटेलवाल्यांनी मनावर घेतलं तर आठवड्यात होण्यासारखं काम आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आपल्या निवासांमध्ये सुरुवात केली तर बाकीचे पाहून करतील.

हे मी ठामपणे सांगतो, कारण माझा सांगलीत छपाईचा व्यवसाय आहे. सव्वीस वर्षं लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं छापतोय. मेनू कार्डंही छापली आहेत, आणि आज कबूल करतो की त्यातली बरीच फक्त इंग्रजीत होती. गिऱ्हाईकाने तसं मागितलं, मी तसं दिलं. मराठीतही एक बाजू करू या का, असं एकदाही सुचवलं नाही. तेव्हा हे पत्र माझ्या व्यवसायबंधूंसाठीही आहे.

म्हाताऱ्या माणसाला वाचता यावं असं कार्ड करायला काही गोष्टी पाळाव्या लागतात. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको. मराठीत वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडावी लागते. इंग्रजीच्या मापाने मराठी ओळी बसवल्या की खालचा उकार आणि वरची वेलांटी एकमेकांना भिडतात. पांढऱ्यावर काळं छापावं. काळ्यावर सोनेरी दिसायला भारी असतं, पण हॉटेलातल्या पिवळ्या मंद दिव्यात ते कुणालाच वाचता येत नाही, तरुणांनाही नाही. जाड आर्ट कार्डावर मॅट लॅमिनेशन केलं की ओल्या फडक्याने पुसता येतं, म्हणजे स्वच्छतेचाही प्रश्न राहत नाही. प्रत्येक टेबलावर नको, काउंटरवर पाच-सहा कार्डं असली तरी भागतं. भाव बदलले तर किमतीवर चिकटपट्टी लावा, आमच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. इंग्रजी मेनू फोनमध्ये घालून त्याचं मराठी करून घेऊ नका. असं आलेलं काम मी दुरुस्त केलंय. 'ब्लॅक पी करी'चं 'काळा मटार कढी' होतं आणि सांबारं हरवतं ते हरवतंच. स्वयंपाकघरात जाऊन भाकऱ्या थापणाऱ्या बाईला विचारा, याला तुमच्या घरी काय म्हणतात. ते नाव लिहा, आणि बाहेरगावच्या माणसासाठी खाली एक ओळ टाका की हे कशाचं असतं. शिरवाळे आईला तरी कुठे माहीत होते? पण नाव वाचता आलं म्हणून तिला विचारता आलं.

परत आल्यावर त्या मुलाने लिहिलेल्या कागदावरून मी एक कार्ड तयार केलं. पदार्थांची नावं त्याचीच, त्यानेच लावलेल्या क्रमाने. प्रूफ आईने तपासलं. एका ठिकाणी मी 'थाली' टाइप केलं होतं, तिथे तिने पेनाने 'ळ' काढला. आणि शिरवाळ्यांपुढे "ताजे, नारळाच्या रसात" एवढं लिहायला लावलं. बारा प्रती कुरिअरने त्या हॉटेलला पाठवल्या आहेत, तो मुलगा कामावर असेल तर त्याला दाखवा अशी चिठ्ठी सोबत घातली. मूळ कागद आईने तिच्या पोथीत ठेवलाय.

कोकणातल्या, देशावरच्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही हॉटेलवाल्याला या कार्डाचा नमुना हवा असेल, तर मी तो फुकट देईन. त्यांनी आपल्याकडच्या पदार्थांची नावं तेवढी मराठीत लिहून पाठवावीत, हाताने लिहिलेली चालतील. जुळणी मी करीन, प्रूफ आई तपासेल. किमतींची जागा मोकळी सोडलेली आहे.

आपला,
एक मुद्रक, सांगली