शेडच्या वायरिंगला माणूस ट्रॅक्टरच्या बकेटमध्ये उभा करतात, साहेब! कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कृषिमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी संगमनेर तालुक्यातला वायरमन. आयटीआयला तारतंत्रीचा ट्रेड केला, परवाना काढला आणि तेव्हापासून २२ वर्षं शेतातल्या शेडचीच कामं करतोय, पोल्ट्री, गायींचे गोठे, कांदा चाळी, कधी पॅकिंग शेड. बंगल्याची कामं फार घेतली नाहीत कारण आमच्या भागात काम आहे ते शेडचंच. वायरिंगच्या मटेरियलबद्दल किंवा लाईटबिलाबद्दल लिहायला बसलो असतो तर ऊर्जामंत्र्यांना लिहिलं असतं, पण ही गोष्ट शेतीच्या अवजारांची आहे म्हणून तुम्हाला लिहितोय.

शेडमध्ये लाईट लावायची म्हणजे वर चढायला लागतं, आणि वर चढायला आमच्याकडे काय असतं तर बांबूची शिडी नाहीतर ट्रॅक्टर. पोल्ट्री शेड कडेला आठ फूट असतं पण मधे कैचीच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी तिकोनाच्या टोकाला तेरा-चौदा फुटावर जातं, आणि वायरिंगची मेन पाईपलाईन न्यायची असते ती बरोबर मधूनच. तिथं शिडी टेकवायला भिंत नाही, कैचीच्या पाईपला टेकवली तर ती सरकते, उघडून उभी राहणारी घोडी तेवढी उंच नसते. मग मालक म्हणतो थांब ना भाऊ, ट्रॅक्टर आहे की दारात. कुणी ट्रॉली आत लावून तिच्यात ड्रम उभा करतं आणि ड्रमवर माणूस, कुणी डंपिंग ट्रॉलीच अर्धी उचलून धरतं, आणि ज्याच्या ट्रॅक्टरला पुढे माती उचलायचा लोडर आहे तो सरळ म्हणतो बस बकेटमध्ये. जेसीबी आलेला असेल मुरूम पसरायला तर जेसीबीच्या बकेटमध्ये. मी स्वतः या सगळ्यावर उभा राहिलोय, हेल्परना उभं केलंय, त्यामुळे कुणाकडे बोट दाखवायला मी लिहीत नाहीये.

बरं हे एकदा करून संपत नाही हे पण तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे. पोल्ट्रीच्या तुसातून अमोनिया सुटतो, तो होल्डर आणि स्विचमधल्या तांब्या-पितळेला खातो, हिरवा थर चढतो आणि जॉइंट गरम व्हायला लागतो. उंदीर वेगळेच. उन्हाळ्यात फॅन आणि पाण्याचं धुकं मारणारे फॉगर वाढवायचे, पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पाईपात उतरलं की शॉक लागतो म्हणून बोलावणं. म्हणजे एकाच शेडवर मी वर्षाला दोन-तीनदा तरी वर चढतो. आणि चढायचं कधी, तर शेड रिकामं असताना. ब्रॉयलरची बॅच साधारण ४० दिवसांची, पक्षी गेला की लिटर, म्हणजे खालचं घाण झालेलं तूस काढा, शेड धुवा, चुना मारा, नवीन तूस टाका, आणि या सगळ्यातून आम्हाला मिळतात दोन दिवस, कारण पिल्लांची गाडी ठरलेल्या तारखेला येतेच आणि पिल्लू आलं त्या रात्री ब्रूडिंगला ऊब नसेल तर सकाळी मेलेली पिल्लं वेचायला लागतात. त्या घाईत परांची कुठून आणणार.

२०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. पाच हजार पक्ष्यांचं नवीन शेड, २०० बाय २५ फूट, पिल्लं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. मी डीबीवर, म्हणजे मेन स्विचच्या पेटीवर होतो आणि माझा हेल्पर, तेव्हा वय वीस, ट्रॅक्टरच्या लोडरच्या बकेटमध्ये उभा राहून कैचीला पाईप धरायच्या सॅडल क्लिपा मारत होता. ट्रॅक्टरवर मालकाचा पोरगा, चांगला डायवर, दारूबिरू काही नाही, नीट हळूहळू एकेक कैची पुढे घेत होता. बकेट बरीच वर होती. डायवरच्या खिशात फोन वाजला, फोन काढायला तो सीटवर एका अंगावर झाला आणि कोपर लोडरच्या लिव्हरला लागलं. बकेट वरच राहिली, फक्त पुढे झुकली. मुरूम ओतताना झुकते ना, अगदी तशीच. आतून बकेट कशी असते तुम्ही बघितली असेल, माती घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झालेला पत्रा, धरायला काहीच नाही. हेल्पर घसरला, एका हातात ड्रिल होतं ते त्यानं सोडलं नाही, दुसऱ्या हातानं पर्लिनचा, म्हणजे पत्र्याखालचा आडवा अँगल धरला, क्षणभर लटकला आणि मग खाली आला, सरळ पायावर. मी आवाज ऐकला तो ड्रिल आपटल्याचा. बघतो तर हा बसलेला, ओरडत पण नव्हता, दोन्ही हातांनी टाचा धरून नुसता माझ्याकडे बघत होता.

दोन्ही टाचांची हाडं गेली. तीन महिने प्लास्टर, त्यानंतर काठी. आज तो भावाच्या मोबाईलच्या दुकानात काउंटरवर बसतो, अर्धा तासाच्या वर उभं राहता येत नाही. हाताला त्याच्यासारखी सफाई मी नंतर कुठल्या हेल्परमध्ये बघितली नाही, कंड्युट म्हणजे वायरचा पाईप वाकवायचा तर स्प्रिंग न घालता सुद्धा चपटा होऊ द्यायचा नाही.

आता जे सांगतोय ते मी नऊ-दहा वर्षं कुणाला बोललो नव्हतो. दवाखान्यात विचारलं कसा पडला, तेव्हा मी सांगितलं शिडीवरून पडला. मालकानं हात जोडले होते, त्याचा पोरगा रडत होता, आमचा हेल्पर पण म्हणाला भाऊ तसंच सांगा. कागदावर तसंच आलं. दवाखान्याचा खर्च त्या मालकानं जमीन गहाण न ठेवता पण बैल विकून केला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तुमच्या खात्यात जर कुणी विचारलं की ट्रॅक्टरच्या बकेटमधून पडून किती माणसं जायबंदी झाली, तर उत्तर येणार कुठून? सगळी शिडीवरून पडलेली आहेत. माझ्यासारख्या प्रत्येक वायरमननं एकेकदा तरी हे सांगितलेलं आहे, आम्ही आपापसात बसलो की एकमेकांना सांगतो.

पडण्यापेक्षा वाईट गोष्ट वरच्या तारेची. नियम असा आहे की शेतातून रस्ता न ओलांडता जाणारी ११ केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) उघडी तार जमिनीपासून कमीत कमी ४.६ मीटरवर पाहिजे, म्हणजे पंधरा फूट. आता हिशोब करा. बकेट वर घेतली की दहा फूट, त्यात साडेपाच फुटाचा माणूस, आणि त्यानं हात वर केला की झालं सतरा. शेड बांधताना जागा उंच करायला दोन-तीन फूट मुरूम टाकतात, तेव्हा तार तिथंच राहते आणि जमीन वर येते, हे कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्या पण बरीच वर्षं आलं नाही. त्यात मे महिन्यात तार उन्हानं आणखी खाली झोळते. बाहेरच्या बाजूनं पत्र्याच्या वर फोकस लावायला म्हणून बकेट शेडच्या कडेनं नेतात, आणि डायवरची नजर खाली चाकाकडे असते, वरच्या माणसाची नजर पत्र्याकडे, तारेकडे कुणाचीच नसते. लोखंडी बकेट, लोखंडी बूम, ट्रॅक्टरची चाकं ओल्या मातीत. तार टच व्हायला सुद्धा लागत नाही, फार जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. म्हणून मी आता शेडच्या बाहेर काम असेल तर लाईनमनला सांगून लाईन बंद केल्याशिवाय माणूस वर पाठवत नाही, मग मालक कितीही तोंड वाकडं करो.

तुम्ही म्हणाल मग परांची वापरा की. साहेब, तालुक्याच्या गावी परांचीचे पाईप भाड्यानं मिळतात ते बिल्डिंगवाल्यांच्या हिशोबानं, महिन्यावर. दोन दिवसांसाठी आणायचे म्हटलं तर टेम्पोचं जायचं-यायचं भाडं, हमाली, आणि दर दहा फुटाला ती खोलून पुढे नेऊन परत बांधायची. २०० फुटाच्या शेडमध्ये ते करत बसलो तर दोन दिवस बांधण्यातच जातील. मालकाला मी पैसे वाढवून सांगितले तर तो दुसरा वायरमन बघतो, आणि तो दुसरा बकेटमध्ये चढायला तयारच असतो. मालक वाईट नसतो, त्याचं कर्ज काढून शेड उभं असतं.

आणि इथंच तुमच्या खात्याचा संबंध येतो. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाचं उपअभियान आहे, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून शेतकरी ट्रॅक्टर घेतो, रोटाव्हेटर घेतो, गटाला भाड्यानं अवजारं द्यायची अवजार बँक मिळते. चांगलंच आहे, माझ्या चुलत भावानं पण पेरणीयंत्र घेतलंय. पण मी आमच्या भागातल्या जेवढ्या अवजार बँका बघितल्या तिथं रोटाव्हेटर आहे, मळणीयंत्र आहे, फवारणीचा ब्लोअर आहे, माणसाला सुरक्षित वर चढवणारं एकही साधन मी बघितलं नाही. कांदा चाळीला अनुदान आहे, तिचा आराखडा छापून मिळतो, तळाला हवा किती, पत्रा कुठला, सगळं लिहिलेलं असतं. त्या पत्र्याखाली दिवा लावायला माणूस कसा जाणार याची ओळ त्यात मला सापडली नाही.

शेतातल्या मशीनसाठी सरकारनं पूर्वी काही केलं नाही असं नाही. मळणीयंत्रात हात जायचे, आमच्या वडिलांच्या पिढीत गावोगाव एक-दोन माणसं तशी होती, बाही खोचलेली. मग १९८३ ला धोकादायक यंत्रांचा कायदा आला, मळणीयंत्रासाठी, आणि घास लावायच्या तोंडाला लांब झाकलेली पन्हळ बसायला लागली. मशीन बंद नाही केलं, मशीनला पन्हळ लावली. मी तेवढंच मागतोय.

म्हणजे काय ते नीट सांगतो. सगळ्यात आधी चाकाची परांची, ब्रेकवाली, कठड्यासकट, दोन माणसं ढकलून पुढे नेतील अशी. चौदा फुटाच्या शेडला सात-आठ फुटाचा प्लॅटफॉर्म पुरतो. ती प्रत्येक अवजार बँकेत एक पाहिजे आणि रोटाव्हेटरसारखी दिवसाच्या भाड्यानं मिळाली पाहिजे, ट्रॉलीत घालून नेता येते. ती वायरमन पण नेईल, पत्रा बसवणारा पण नेईल, जाळी-पडदा बांधणारा पण नेईल. दुसरं, लोडरनं माणूस उचलायचाच असेल तर बकेट काढून तिथं बसणारा पिंजरा पाहिजे, कठडा, बेल्ट अडकवायला कडी, झुकायची लिव्हर लॉक करायची सोय, आणि तो कुणीतरी तपासून शिक्का मारलेला. गावातल्या वेल्डरनं अंदाजानं केलेला नको. ब्रिटनमध्ये १९९८ चे नियम आहेत, माणूस उचलणाऱ्या साधनाची दर सहा महिन्यांनी तपासणी लागते. आपल्याकडे सहा महिन्यांनी नाही जमलं तरी वर्षातून एकदा, खरीप संपल्यावर, जमायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट बिनपैशाची आहे, ती मी स्वतः चार-पाच शेडवर करून बघितली आहे. फॅब्रिकेशनवाला कैची जमिनीवर ठेवूनच वेल्ड करतो. तेव्हाच तिला पाईपच्या क्लिपा आणि दिव्याचे हूक मारून घ्यायचे, जमलं तर पाईप पण खालीच लावायचा, आणि कैची उभी केल्यावर वर फक्त जॉइंट राहतात. सगळ्या क्लिपा जमिनीवर उकिडवं बसून मारल्या तर वरचं काम चार दिवसांचं एका दिवसावर येतं. पण त्यासाठी वायरमनला शेड उभं राहायच्या आधी बोलवायला लागतं, आणि आम्हाला बोलावतात पत्रा बसल्यावर. अनुदानाच्या आराखड्यात तेवढी एक ओळ घाला की वायरिंगचं काम कैची उभी करायच्या आधी सुरू करावं, मग फॅब्रिकेशनवाला पण ऐकेल आणि मालक पण.

राहिला विम्याचा विषय. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत शेतकऱ्याला आणि घरातल्या एकाला अपघाती मृत्यूत दोन लाख मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. पण त्याच बकेटमधला वायरमन, ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो त्यात बसत नाही. बांधकाम कामगारांत नोंदणी करायला गेलो तर ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि आमचं काम आज या मळ्यात दोन दिवस, उद्या त्या मळ्यात तीन, ग्रामसेवक तरी कशाच्या आधारावर लिहून देणार. शेतातल्या शेडवर काम करताना जो पडेल त्याला, तो कुणीही असो, या योजनेत घ्या. मग दवाखान्यात शिडीचं नाव सांगायची वेळ आमच्यावर येणार नाही.

परवाच एका गोठ्यावर होतो, २० गायींचा मुक्त गोठा, मालकानं लोडर चालू करूनच ठेवला होता. मी नाही म्हणालो, दोन घोड्यांवर फळी बांधून दिवसभर काम केलं आणि अर्धंच झालं, उरलेल्यासाठी परत जायचंय. तुमच्या खात्यातल्या कुणा साहेबाला हे डोळ्यानं बघायचं असेल तर संगमनेरला यावं, मी बरोबर येतो, बकेटमध्ये उभं राहिल्यावर धरायला काय असतं ते दाखवतो.

आपला,
शेडच्या वायरिंगची कामं करणारा एक परवानाधारक वायरमन
संगमनेर तालुका, जि. अहिल्यानगर