गुडघ्याखालची उशी

संपादक महोदय,

गोव्यातल्या मधुमेहाची बातमी आली की 26.4 टक्के हा आकडा हमखास छापून येतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपले राज्य देशात पहिले आले, तो हा आकडा. पण शुगरपायी ज्यांचे पाय कापावे लागले, त्यांचे वर्षभराने काय झाले, हे कधी वाचायला मिळत नाही.

माझा थोरला भाऊ सत्तरी तालुक्यात कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, करतो. पाय बधिर झालेला, त्यामुळे काटा रुतला ते कळलेच नाही. जखम चिघळली आणि गेल्या वर्षी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरांनी गुडघा वाचवला, ही मोठीच गोष्ट. गुडघा गेला की कृत्रिम पायाने चालायला कितीतरी जास्त दम लागतो. घरी पाठवताना गोळ्यांची चिठ्ठी आणि ड्रेसिंगची तारीख मिळाली, बाकी काही नाही.

घरी वहिनीने मायेने त्याच्या गुडघ्याखाली उशी ठेवली. रात्रंदिवस. दीड महिन्याने कृत्रिम पायाचे माप द्यायला गेलो, तर गुडघा आखडून वाकडाच राहिलेला. उशी ठेवायची नसते, दिवसातून काही वेळ पालथे झोपायचे असते, क्रेप बँडेज अमुक पद्धतीने बांधायचे असते, हे सगळे तिथे कळले. पुढचे तीन महिने तो गुडघा सरळ करण्यात गेले. वहिनी अजून स्वतःलाच बोल लावते.

दुसरा त्रास नसलेल्या पायाचा. रात्री त्याच्या उजव्या अंगठ्यात कळ यायची. अंगठाच नाही, तर कळ कसली? वाड्यावरच्या एकाने देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, गाऱ्हाणे घालायला सांगितले. आम्ही घातलेही, लपवत नाही. हे दुखणे वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. अमेरिकी डॉक्टर वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये त्याला ‘फँटम लिंब’ (भासमान अवयव) हे नाव दिले. 1990च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या आरशाचा उपाय पुढे आणला: शाबूत पायाचे प्रतिबिंब पाहत तो हलवायचा. सगळ्यांना गुण येतोच असे नाही. आम्ही कपाटाचा आरसा काढून करून पाहिले, भावाला थोडी झोप लागू लागली. पण निदान ‘हे वेड नव्हे’ एवढे तरी कुणी आधी सांगायला नको होते?

आता तो जयपूर फूट लावून पाटापर्यंत जातो. चिखलापाण्यात चालणारा हा पाय डॉ. प्रमोद सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968च्या सुमारास घडवला, तो आमच्या कुळागराला नेमका जुळला. धास्ती डाव्या पायाची. एक पाय गेलेल्या मधुमेह्याचा दुसराही जाण्याचा धोका मोठा असतो. शिवाय अशा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत जवळपास निम्मे रुग्ण दगावतात, असे देशोदेशींच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा. म्हणजे टाके निघाले तरी आजार तिथेच असतो.

आरोग्य खात्याने डिस्चार्जच्या वेळी मराठी-कोंकणीत एक पानी कागद द्यावा आणि वर्षभराने रुग्ण चालतो की खाटेवर आहे, याची नोंद ठेवावी. कागदाचा मजकूर कुणी लिहायचा हीच अडचण असेल, तर मी निवृत्त शिक्षक आहे. तपासायला फक्त एक डॉक्टर द्या.

आपला,
एक वाचक, वाळपई