आई, खिडकी मुद्दाम उघडी होती

येना, जर्मनी
16 फेब्रुवारी

ती. आई, बाबा आणि आजी यांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण रविवारच्या व्हिडिओ कॉलनंतर आईचे जे मेसेज आले ते वाचून वाटलं, एव्हाना नागपुरात आपल्या अख्ख्या महाल भागात झालं असेल की देशपांड्यांची मंजू बर्फात उघड्यावर झोपते. पत्रच लिहितेय, कारण आजीला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आई, माझं बोलणं तिला सांगताना त्यातलं निम्मं तू स्वतःच ठरवतेस. सोनूला म्हणावं, प्रिंट काढ आणि आजीच्या उजव्या कानाशी बसून वाच. जेवणाखाण्याचं आणि कामाचं रोज सांगतेच, ते इथे लिहीत नाही.

तर खिडकी. ती मोडलेली नाही, हीटर बंद पडलेला नाही आणि घरमालकीण मला छळत नाही. बाहेर उणे चार असताना मीच दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या आणि स्वेटर घालून मधे उभी राहून तुमच्याशी बोलत होते. इथे सगळेच असं करतात. सकाळी उठल्यावर, स्वयंपाक झाल्यावर, अंघोळीनंतर, झोपायच्या आधी. पाच-दहा मिनिटं आरपार हवा, मग घट्ट बंद. भाडेकरारात त्याबद्दल लिहिलेलं असतं. भिंतीला बुरशी आली तर ती भिंतीच्या दोषाने आली की भाडेकरूने खिडक्या उघडल्या नाहीत म्हणून, यावरून लोक कोर्टात जातात. हसू नका, खरंच जातात.

राहायला आले तेव्हा घरमालकीण आजीबाई भेट म्हणून केक घेऊन आल्या आणि सोबत हवेतली आर्द्रता मोजणारं एक मुठीएवढं यंत्र. केक टेबलावर ठेवला, यंत्र खिडकीपासून लांब शेल्फवर ठेवलं. मग माझं कपडयांचं कपाट, जे मी दोन तास घालवून कोपऱ्यात नीट बसवलं होतं, ते त्यांनी खांदा लावून भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. मागे हात घातला, तळवा भिंतीला टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझा हात धरून त्याच जागी ठेवला. भिंत थंडगार होती. एवढंच दाखवायचं होतं त्यांना. यंत्राचा काटा चाळीस ते साठच्या मधे राहिला पाहिजे, म्हणाल्या, आणि केक कापायला बसल्या.

कारण असं. इथली घरं थंडीसाठी इतकी घट्ट बांधलेली असतात की फटीतून वारा येत नाही. आपण श्वास सोडतो, भात शिजवतो, अंघोळ करतो, कपडे वाळत घालतो, त्या सगळ्याची वाफ आतच राहते. पावसाळ्यात फ्रीजमधलं पाणी स्टीलच्या गडूत ओतलं की गडूला बाहेरून थेंब सुटतात ना, तसंच ती वाफ कपाटामागच्या थंड भिंतीवर बसते. दिसत नाही, पण पंधरा दिवसांत तिथे काळे ठिपके येतात. आता आई म्हणेल, मग बाहेरची ओली, धुक्याची हवा आत घेऊन काय होणार? तिथेच गंमत आहे. थंड हवेत पाणी फारसं मावतच नाही. शून्य अंशाला एक घनमीटर हवा पाण्याने गच्च भरली तरी त्यात वाफ 5 ग्रॅमसुद्धा नसते. वीस अंशाला 17 ग्रॅम मावते. म्हणजे बाहेरची धुकट हवा आत आली आणि तापली की तीच कोरडी होते, काटा तिशीच्या खाली जातो. हवा पाच मिनिटांत बदलते, पण भिंती आणि सामान तेवढ्यात निवत नाही, म्हणून खोली लगेच परत ऊबदार होते. दिवसभर थोडीशी फट ठेवली तर उलट नुकसान: हवा धड बदलत नाही आणि खिडकीच्या बाजूची भिंत मात्र गार पडते. त्यामुळे आई, "थोडीशीच उघड ना" हा तुझा सल्ला मी प्रेमाने बाजूला ठेवला आहे.

बाबांना हे समजावायची गरज नाही, ते वर्षानुवर्षं हेच करतात. "अबे खिडकी उघडा ना, दमट होऊन राहिलं!" हे वाक्य मी एप्रिल ते जून किती ऐकलं असेल! कूलर समोर घोंघावत असायचा, आम्ही दोघं त्याच्या तोंडाशी बसलेले, आणि बाबा बाहेरच्या चव्वेचाळीस डिग्रीत मागची खिडकी उघडायला सांगायचे. तेव्हा वाटायचं, गारवा बाहेर घालवतात. आता कळतं की ओल्या ताट्यांमधून हवा गार होते ती पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून. एक लिटर पाणी उडायला जेवढी उष्णता लागते ती विजेत मोजली तर पाऊण युनिटाच्या थोडी खाली. पण खोलीतली ओली हवा बाहेर गेलीच नाही तर नवीन पाणी उडणार कुठे? म्हणून ती मागची खिडकी. म्हणूनच मृग लागला की आपला कूलर नुसता पंखा होतो, आणि म्हणूनच मुंबईच्या मावशीने हट्टाने कूलर घेऊन पैसे घालवले.

आणि एक सांगते, मी हिशेब करून पाहिला. मेमधली आपली दुपार, चव्वेचाळीस डिग्री आणि आर्द्रता पंधरा टक्के, जिला आपण ओठ फुटेपर्यंत कोरडी म्हणतो, तिच्या एका घनमीटरमध्ये वाफ असते 9 ग्रॅमच्या वर. इथल्या हिवाळ्यातल्या गच्च धुक्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. हे ऑफिसात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना, मग फळ्यावर गणित करून दाखवावं लागलं. नागपूरचं नाव निघालं की मी जरा जास्तच बोलते, हे आता सगळ्यांना माहीत झालंय.

बाबा, तुम्ही विचारलंत, "लोकांना काय सांगू तू तिथे काय करते?" सांगा, सूक्ष्मदर्शकाने पेशी अधिक बारीक कशा दिसतील त्यावर काम करते. इथे कोणाला एवढंही सांगावं लागत नाही. गावच भिंगांचं आहे. कार्ल झाइसने 1846 मध्ये इथे दुकान थाटलं, मग अर्न्स्ट आबे नावाच्या प्राध्यापकाने भिंगं अंदाजाने घासण्याऐवजी गणिताने बनवायला शिकवली. (त्याच आबेंनी 1900 साली कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. बाबांच्या युनियनवाल्या मित्रांना हे आवडेल.) प्रकाशाने किती बारीक गोष्ट दिसू शकते याची मर्यादा सांगणारं त्यांचं सूत्र विद्यापीठाच्या मुख्य इमारतीजवळ दगडावर कोरलंय. उन्हाळ्यात पोरं तिथे टेकून आइस्क्रीम खातात. दर काही वर्षांनी एक रात्र सगळ्या प्रयोगशाळा लोकांना खुल्या असतात. मागच्या खेपेला मी आमच्या टेबलावर कांद्याची पेशी दाखवायला उभी होते. पाय दुखून आले, पण गर्दी हटेना. एका आजोबांनी डोळा लावला, बराच वेळ काढला नाही, मागे रांग खोळंबली, तरी कोणी हूं की चूं केलं नाही. आपल्या रामन विज्ञान केंद्रात शाळेची सहल आली की असंच असतं, फक्त तिथे रांग नसते आणि पोट्टे सगळे डायनोसॉरकडे पळतात. मीही पळायची. रामनसुद्धा 1910 च्या सुमारास नागपुरात सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते, हे मला इथे येऊन वाचल्यावर कळलं. गांधीसागर तलावासमोरच्या त्या केंद्रात इतक्या वेळा गेलो, कोणी सांगितलं नाही.

आता बाबांच्या डोळ्याचं. पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

सोनू सांगत होता की तुम्ही रात्री गाडी चालवणं सोडलंत, कारण समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. आणि पेपरवाले हल्ली शाई कमी वापरतात म्हणे. बाबा, शाई तेवढीच आहे. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगून दिवाळी उलटली, आणि अजून तुमचं "मंजू आली की बघू" चाललंय. आजीचं म्हणणं, पिकू द्यावा आणि उन्हाळ्यात तर डोळ्याला हात लावू नये. आजी, तुझ्या वेळी ते बरोबरच होतं. तेव्हा अख्खं भिंग मोठा छेद घेऊन काढायचे, म्हणून पिकेपर्यंत थांबायचे. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिकंपनांनी भिंगाचे तुकडे करून ओढून घेतात. जितका जास्त पिकेल तितका तो कडक होतो आणि फोडायला त्रास. ऋतूचा काही संबंध नाही.

आईला भीती त्या मशीनची, की डोळ्यात काहीतरी घालून मोजतात. नवीन भिंगाचा नंबर काढायला डोळ्याची लांबी मोजावी लागते. साधारण तेवीस-चोवीस मिलिमीटर असते, आणि त्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. काही ठिकाणी ध्वनिलहरींनी मोजतात, त्यात डोळ्याला टोक टेकवावं लागतं. पण आता बऱ्याच डॉक्टरांकडे प्रकाशाने मोजायचं यंत्र असतं. हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचं, संपलं. डोळ्याला काहीच शिवत नाही. असलं पहिलं यंत्र झाइसने 1999 मध्ये बाजारात आणलं, आणि ते इथलंच. त्या इमारतीवरून माझी ट्राम जाते. आणि आतलं भिंग शरीराला चालतं की नाही, हा प्रश्न फार जुना झाला. युद्धात विमानाच्या फुटलेल्या खिडकीचे ॲक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि तसेच निमूट राहिले, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि 1949 मध्ये त्याच प्रकारच्या ॲक्रिलिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. तेव्हापासून किती कोटी लोकांनी बसवून घेतलं असेल. धरमपेठेतल्या काकांनी दोन्ही डोळ्यांत बसवलंय, आणि ते आता लांबूनच लोकांच्या चुका बघतात.

मी यायची वाट बघू नका. माझ्या राहण्याच्या परवान्याचं कार्ड सरकारी ऑफिसात अडकलंय. ते हातात येईपर्यंत मी देशाबाहेर गेले तर परत येताना अडचण होऊ शकते. घाबरण्यासारखं काही नाही, सगळ्यांचं असंच होतं, फक्त वेळ लागतो. सोनू रजा घेणार आहे. नंतर डोळ्यात थेंब टाकायच्या वेळांचा तक्ता मी करून पाठवलाय, मोठ्या अक्षरात, फ्रिजवर लावा. मला व्हिडिओवर दाखवत जा. त्या दिवशी मी सुट्टीच घेईन, इकडे पहाट असली तरी जागी राहीन. म्हणजे तुम्हाला तिकडे एकटं वाटायचं काही कारण नाही.

पैसे पाठवले आहेत. दीड लाख. साठ हजार डोळ्यासाठी, ते डोळ्यासाठीच, बाबा, त्यातून हॉलचा ॲडव्हान्स द्यायचा नाही. बाकीचे सोनूच्या लग्नाचे. सोनू "ताई, नको" म्हणेल, त्याला म्हणावं गप्प बस. केटररला सांगताना पाटवड्यांचा रस्सा विसरू नका, मुलीकडचे पुण्याचे असले म्हणून काय झालं. मेमध्ये मी असेन. कार्ड वेळेवर आलं तर असेन. तिकीट अजून काढलं नाही, पण साडी मात्र माझ्यासाठीही घेऊन ठेव आई, ब्लाउज मागच्याच मापाचं शिव, मी बारीक झालेले नाही, कॅमेऱ्यात तसं दिसतं.

ते अमरावतीचं स्थळ. फोटो पाहिला, मुलगा चांगला वाटतो, घरची मंडळीही. पण त्यांना नाही कळव. आधी सोनूचं होऊ दे. मला कोणी भेटलंय का, हे तू मावशीकडून विचारून घेतलंस. मावशीला मी काही सांगितलं नाही. तुला सांगेन, पण फोनवर नाही, समोर बसून. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस. हे पत्र सोनू वाचत असेल तर सोन्या, हा परिच्छेद गाळ.

ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी मेसेज करा. मार्चचाच आठवडा घ्या, मेअखेरचा नवतपा लागायच्या आत बाबांना गॉगल लावून फिरता येईल.

आजीला पुन्हा नमस्कार.

तुमची,
मंजू

ता. क. पैसे जमा झाल्याचा मेसेज येईल. त्यानंतर कोणी "बँकेतून बोलतो" म्हणून फोन केला तर बाबा, ओटीपी सांगायचा नाही. माझं नाव घेऊन मागितला तरी नाही.