वाइनच्या वर्गाला निघालेल्या सुहासला

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय सुहास,

वाइन टेस्टिंगच्या वर्गात नाव घातलंस, छान केलंस. पण ‘मला त्यातलं ओ की ठो कळत नाही’ हे काही खरं नाही. जीभ तुझी तयार आहे, तिला फक्त क्रम लावायचा आहे. टॅनिन म्हणजे काय हे समजावताना शिक्षकांची दमछाक होते. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, तुरट. जांभूळ, कच्चं केळं, कात खाल्लेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

घोटाळा होतो तो तुरट आणि आंबट यांत, कारण दोन्हींनी तोंड वाकडं होतं. त्यासाठी वर्गाआधी घरीच तीन पेले मांड. एकात 200 मिली पाण्यात सपाट चमचाभर साखर, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात दोन चमचे लिंबाचा रस, तिसऱ्यात दोन टी-बॅग दहा मिनिटं बुडवून गार केलेला कोरा चहा. घोट तोंडात घोळव, गिळ आणि दहा सेकंद थांब. तोंडाला पाणी सुटलं तर आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडून ओठ दातांना चिकटले तर टॅनिन. मग पहिले दोन पेले एकत्र कर. साखरही कमी वाटेल, लिंबूही. गोड वाइन आंबटपणाच्या जोरावर कशी हलकी लागते, ते इथे कळतं. आणि जिभेच्या शेंड्याला गोड, कडांना आंबट असा नकाशा कुणी दाखवला तर सोडून दे. तो केव्हाच खोटा ठरलाय.

दुसरी फसगत नाकाची. पिकल्या फळाचा वास आला की वाइन गोड आहे असं वाटतं, जरी तिच्यात साखर जवळपास नसली तरी. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घे, मग फक्त जीभ बोलते. बॉडी म्हणजे तोंडातला जडपणा: साय काढलेलं दूध आणि म्हशीचं दूध यांतला फरक आठव.

वर्गातला पेला बहुधा आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) मापाचा, 215 मिलीचा असेल. त्यात ओततात 50 मिलीच. कंजुषी नव्हे ती; वरची जागा रिकामी असली तरच वाइन फिरवता येते आणि वास साठतो. हुंगायचं ते छोटं-छोटं, दोन-तीनदा. नाक लवकर थकतं. थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घेऊन परत ये. फिरवल्यावर काचेवर ओघळ उतरतात, ते मुख्यतः अल्कोहोलमुळे. त्यावरून दर्जा सांगणाऱ्यापासून लांब बस.

वासांची पुस्तकी यादी गूजबेरी-ब्लॅककरंटसारख्या परदेशी फळांची असते. गूजबेरी म्हणजे आपला आवळा नव्हे, तेव्हा परीक्षेपुरते त्यांचे शब्द पाठ कर. वहीत मात्र तुझे लिही. सोव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइनमध्ये चिरलेली ढोबळी मिरची सापडेल, शिराझ या रेडमध्ये काळी मिरी. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो, ती निव्वळ उपमा नव्हे. लवंगेतलं युजेनॉल हे वासाचं द्रव्य भाजलेल्या ओकच्या लाकडातही असतं.

बिघडलेली वाइन ओळखणं सगळ्यात उपयोगाचं, आणि नवखे तिथेच कच्चे राहतात. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास म्हणजे टीसीए नावाचं रसायन, बुचातून आलेला दोष. तो थोडाच असला तर पुठ्ठा जाणवत नाही, नुसतं फळ गायब होतं, आणि माणूस समजतो वाइनच मिळमिळीत. रंग तपकिरीकडे झुकून काळं पडलेल्या सफरचंदाचा वास आला तर हवा लागलीय. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास जिवाणूंचा प्रताप. पण आधी पेला तपास! ओल्या फडक्याने पुसलेला किंवा कपाटात पालथा ठेवलेला पेला स्वतःच कुबट वास मारतो.

तुझी डब्ल्यूएसईटीची (वाइन शिकवणाऱ्या ब्रिटिश संस्थेची) पहिली पातळी म्हणजे किमान सहा तासांची शिकवणी, शेवटी 45 मिनिटांत 30 बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 70 टक्के, म्हणजे 21 बरोबर. परीक्षेत चाखायचं काहीच नसतं. म्हणून साठवण, तापमान आणि जेवणाची सांगड हे रुक्ष वाटणारे भाग नीट वाच. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ देतात, ती खोली युरोपातली, 15 ते 18 अंशांची. घणसोलीतली तुझी नव्हे. रेडची बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर अल्कोहोलच नाकात जाईल. हलकी व्हाइट 7 ते 10 अंशांवर. पावसाळ्यात गार पेल्यावर दव धरतं आणि रंग दिसत नाही. आधी पूस, मग बघ.

जेवणाबाबत एक प्रयोग पुरे. शिराझचा घोट, मग मीठ-लिंबू लावलेली काकडी, पुन्हा घोट: वाइन मऊ लागेल. काकडीऐवजी पुरणपोळी खा, तीच वाइन आंबट आणि कडू होईल. तिखटाने अल्कोहोलचा जाळ वाढतो. तळलेल्या बोंबलाबरोबर शेनिन ब्लां ही व्हाइट घे. रेडमधल्या लोहामुळे मासळीला हिवस वास सुटतो.

त्या दिवशी अत्तर नको, सकाळी कॉफी, पान, पुदिन्याची गोळी नको. आणि थुंकायला लाजू नकोस. सहा नमुने 50 मिलीचे म्हणजे 300 मिली, अर्ध्या बाटलीला थोडंच कमी. सगळं गिळलंस तर चौथ्यापासून सगळ्याच वाइन ‘मस्त’ लागतील. नळाशी पाण्याने सराव कर: ओठांचा चंबू, गाल आत, एकच बारीक धार. पिकदाणी काही फक्त पानवाल्यांची नाही. गाडी घरी ठेव, ट्रान्स-हार्बरने ये. वर्ग सुटल्यावर मामलेदारची मिसळ खाऊ. आधी मात्र नाही.

तुझा,
नंदू